जपानी चेंडू आणि न उचललेलं कर्ज

कोरेगावच्या माणसाने इतिहासावर काही लिहायचं म्हटलं की निम्मा कागद ‘कोणतं कोरेगाव’ हे सांगण्यातच खर्ची पडतो. इतिहास म्हटल्यावर लोकांना भीमेकाठचं कोरेगाव आठवतं आणि पैसा म्हटल्यावर पुण्याचं कोरेगाव पार्क. आमचं यांतलं एकही नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर स्टेशन आहे, तीळगंगा नावाची नदी आहे आणि आल्याचं पीक आहे. म्हणजे महाराष्ट्रातली कितीतरी माणसं रोज सकाळी चहातून आमची चव घेतात, पण नाव मात्र चहाचं होतं.

तरीही मी इतिहास लिहायला बसलो आहे. वास्तविक माझा आणि या विषयाचा काडीमोड दहावीलाच झाला. पुढे बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. पण बँकेत वीसेक वर्षं काढली की जे कळायला इतिहासकाराचा जन्म जातो ते कारकुनाला आपोआप कळतं : ज्याची नोंद नाही, ते घडलेलंच नाही. तुम्ही काउंटरसमोर उभे राहून छातीवर हात मारून ‘मी पैसे भरले होते’ म्हणा. स्लिप नसेल तर तुम्ही भरले नाहीत. या न्यायाने १९९३ च्या मे महिन्यात कोरेगावात फुटबॉल आला, ही घटना घडलेलीच नाही. कोणत्याही वहीत तिची नोंद नाही. असणार तरी कशी? तो मैदानावर आलाच नाही. तो जपानी कॅसेटमध्ये बसून आला आणि एका दुकानातल्या टीव्हीत उतरला.

दुकान एका मामांचं होतं. ते कुणाचे मामा होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळं गाव त्यांना मामा म्हणे. पुढच्या बाजूला रेडिओ-टेपरेकॉर्डरची दुरुस्ती, मागच्या बाजूला पडदा, आणि पडद्यामागे एक टीव्ही, दोन बाकं आणि ‘टीव्ही गेम’. तासाला चार रुपये, अर्ध्या तासाला दोन. भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी : ‘कॅसेटला फुंकर मालकच मारतील.’ कारण कॅसेट चालेना की ती काढून तिच्या पोटात फुंकर मारायची, हा त्या यंत्राचा एकमेव ज्ञात उपचार होता. आमच्या पिढीने संगणकशास्त्राचा पहिला धडा फुंकणीने घेतला तो असा.

त्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं होतं. आम्ही हरखून गेलो. सुट्टीचे दिवस भागिले नऊ हजार नऊशे नव्याण्णव असं गणितही एकाने मांडलं. प्रत्यक्षात विसेक खेळ झाले की तेच खेळ नव्या नावाने पुन्हा सुरू होत. एकाच खातेदाराच्या नावाने शेकडो पासबुकं छापावीत तसला हा प्रकार. पुढे बँकेत बनावट खाती कशी ओळखावीत याचं प्रशिक्षण झालं तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. माझं ते प्रशिक्षण मामांच्या पडद्यामागे आधीच झालं होतं.

यंत्राची कुळकथा मोठी गमतीची आहे. ‘निन्तेन्दो’ ही मूळ कंपनी जपानातल्या क्योतो शहरात १८८९ साली निघाली ती पत्ते बनवायला. तिथल्या फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांवर जुगारही चाले. म्हणजे ‘काय हे, पत्ते कुटल्यासारखं दिवसभर कुटत बसता?’ असं आमच्या आज्ज्या म्हणत, ते इतिहासाला धरूनच होतं. या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाची पेटी बाजारात आणली. किंमत १४,८०० येन. आमच्यापर्यंत पोचली ती तिची नक्कल. नक्कलच ती, पण चालत होती. नकलेला दोष देण्याइतका कोरेगावात कुणी अस्सल पाहिलेला नव्हता.

त्या विसेक खेळांत एक होता नुसता ‘सॉकर’. हा एप्रिल १९८५ चा. हिरवंगार मैदान, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. पाच पळणारे आणि एक गोलरक्षक. अकराचे सहा का केले, तर त्या पेटीच्या बुद्धीला एका वेळी पडद्यावर फार माणसं झेपत नसत. आमच्या शाखेचंही तसंच आहे, ते जाऊ द्या. बरोबरी झाली की पेनल्टी. मध्यंतर झालं की मुली नाचायला येत. नेमक्या त्याच क्षणी कुणाची तरी आई ‘दळण आणलंस का?’ म्हणून पडदा बाजूला करी आणि तिला वाटे की हा खेळ एवढाच आहे.

खेळ सुरू करताना संघ निवडावा लागे. यादीत सात देश, प्रत्येकाची तीन इंग्रजी अक्षरं. अमेरिका, ग्रेट ब्रिटन, फ्रान्स, ‘एफ-आर-जी’, ब्राझील, ‘जे-पी-एन’ आणि स्पेन. त्यातलं एफ-आर-जी काय हे कुणालाच सांगता येईना. ते होतं पश्चिम जर्मनी. ३ ऑक्टोबर १९९० लाच पूर्व जर्मनी त्यात मिसळला आणि ‘पश्चिम जर्मनी’ असा वेगळा देश उरलाच नव्हता. तरी १९९३ साली तो कोरेगावात रोज चार-पाच सामने खेळत होता. मयत खातेदाराच्या खात्यावर व्यवहार चालू असण्याचं इतकं ठळक उदाहरण मी पुन्हा पाहिलं नाही. ग्रेट ब्रिटनचं आणखी वेगळं. विश्वचषकात त्या नावाचा संघच नसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड अशी चार भावांची चार चुली असलेली घरं. जपान्यांनी त्यांचं परस्पर संयुक्त खातं उघडून टाकलं.

हे चालू असताना एकदा शेजारचे तात्या बिडी विझवून आत आले. नातवाला शोधायला आले होते, पण बाकावर बसले. पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले,

“ह्यात आपला संघ कुठला रं?”

“आपला न्हाय तात्या.”

“का न्हाय?”

“जपानी कंपनीनं केलाय.”

“मग जपान हाय का?”

“हाय की. ह्यो बघा, जे-पी-एन.”

“जपान लई भारी खेळतो व्हय फुटबॉल?”

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. आम्हाला फुटबॉल म्हणजे मॅराडोना एवढंच ठाऊक. ते उत्तर मी पुढे सावकाश, बँकेच्या सुट्ट्यांत आणि लोकलच्या गर्दीत वाचून वाचून जमवलं. तात्या ते ऐकायला राहिले नाहीत, म्हणून इथे लिहितो.

नाही तात्या, जपान तेव्हा भारी खेळत नव्हता. तो खेळ १९८५ साली निघाला तोवर जपानने विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांना कांस्यपदक मिळालं होतं, ते सोडलं तर शिलकीत फारसं काही नाही. त्याच १९८५ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर दक्षिण कोरियाने त्यांना २-१ असं हरवलं, पुढच्या महिन्यात सोलला १-० ने, आणि विश्वचषकाची वाट पुन्हा बंद झाली. म्हणजे यादीत ब्राझीलशेजारी जपानचं नाव होतं ते कर्तबगारीवर नव्हतं. ते घरच्या कार्याच्या पत्रिकेत ‘आमचे येथे’ म्हणून स्वतःचं नाव छापतात तसं होतं.

आणि आपण? इथे मात्र मला उठून खुर्ची नीट करावी लागते. आपली शिल्लक जपानपेक्षा जास्त होती! १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत जपानला २-० ने घरी पाठवलं आणि त्याच ऑस्ट्रेलियाला पुढच्या फेरीत आपण ४-२ ने हरवलं. चारांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. जन्म गोव्याचा, खेळ मुंबईचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या वर्षी आपण चौथे आलो. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपण जपानला २-० ने हरवलं आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आणलं. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून खेळला जात होता. लांब कशाला, आमच्या खाली कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ होते नि आजही आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं कुस्तीची वाटतात, पण शाहू स्टेडियमवर त्यांच्या नावाने जो आरडाओरडा चालतो तो गोलसाठी. तांबड्या रश्श्यावर फुटबॉल खेळता येतो हे कोल्हापूरने केव्हाच सिद्ध केलेलं आहे.

मग यादीत आपण का नव्हतो? त्यासाठी १९५० चं खातं उघडावं लागतं.

त्या वर्षी विश्वचषक ब्राझीलमध्ये होता. आपल्या गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली आणि भारत एकही सामना न खेळता मुख्य स्पर्धेत पोचला. माझ्या भाषेत सांगायचं तर अर्ज केला, जामीनदार लागला नाही, तारण लागलं नाही आणि कर्ज मंजूर! अशी केस मी आयुष्यात पाहिलेली नाही. आणि आपण काय केलं? ते उचललंच नाही. संघ गेला नाही. पुढे लोकांत अशी कथा पसरली की आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि बूट घालायची सक्ती होती म्हणून जाता आलं नाही. कथा छान आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच जण खरोखरच अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सशी २-१ असे थोडक्यात हरले होते. पण बुटांचं कारण खरं नव्हे, असं त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं. प्रवास लांबचा, सरावाला वेळ कमी, आणि मुख्य म्हणजे त्या वेळच्या आपल्या कारभाऱ्यांना ऑलिंपिक मोठं आणि विश्वचषक किरकोळ वाटे. त्यानंतर १९८५ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, आपण विश्वचषकाच्या पात्रता फेरीत एक सामनासुद्धा खेळलो नाही. बँकेत खातं दहा वर्षं हललं नाही तरी ते पैसे रिझर्व्ह बँकेकडे वर्ग होतात. इथे पस्तीस!

लांबच्या प्रवासाची अडचण मला समजते. पण मी सातारा जिल्ह्यातला पडलो, त्यामुळे ती पटायला अवघड जाते. कारण १९५० नंतर दोनच वर्षांनी आमच्या जिल्ह्यातला, कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान हेलसिंकीला निघाला. खाशाबा जाधव. पैसे नव्हते. गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. मी रोज गहाणखतं पाहतो. ट्रॅक्टरसाठी, लग्नासाठी, विहिरीसाठी. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकलेलं मी पाहिलेलं नाही आणि तशी केस आली तर कोणत्या रकान्यात बसवायची हेही मला सांगता येणार नाही. पण एवढं कळतं की एकाने घर गहाण टाकून जायचं ठरवलं आणि एका मंडळाने मंजूर कर्ज परत केलं. दोघांच्या पासबुकात पुढे जे दिसतं ते त्या सहीमुळे.

आता पुन्हा जपानकडे. हे लोक नुसतं यादीत नाव छापून थांबले नाहीत. त्याआधीच, १९८१ साली, योइची ताकाहाशी नावाच्या चित्रकाराने एका साप्ताहिकात ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रकथा सुरू केली होती. नायक शाळकरी पोरगा, चेंडूला मित्र मानणारा, आणि त्याचं स्वप्न काय, तर जपानला विश्वचषक जिंकून देण्याचं. जो देश त्या स्पर्धेच्या दारातही उभा राहिला नव्हता तिथलं पोरगं थेट करंडकावर हात ठेवायचं म्हणतं! आपल्याकडे असलं पोरगं निघालं असतं तर त्याला आधी स्कॉलरशिपच्या क्लासला घातलं असतं. तिथे मात्र पोरांनी ते मनावर घेतलं. पुढे राष्ट्रीय संघात गेलेल्या कितीतरी खेळाडूंनी सांगितलं की आम्ही लहानपणी तेच वाचत होतो. १९८८ मध्ये त्यावरही कॅसेट निघाली.

मामांकडे पुढच्या सुट्टीत आणखी एक फुटबॉलची कॅसेट आली, ती १९९० ची. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. जपानातल्या मूळ कॅसेटमध्ये कुनिओ नावाचा एक तापट शाळकरी पोरगा आहे. त्याचा खरा खेळ आपल्या आबाधोबीसारखा, म्हणजे चेंडू फेकून माणसं टिपायचा. शाळेच्या फुटबॉल संघाच्या वतीने खेळायची त्याच्या टोळीला विनंती होते आणि ही आबाधोबीची टोळी फुटबॉलच्या मैदानात उतरते. साहजिकच इथे फाउल नावाची भानगडच नाही. ढकला, पाडा, तुडवा. फार मार खाल्लेला गडी मैदानातच आडवा होऊन राहतो. आमच्या कबड्डीवर वाढलेल्या पोरांना हा फुटबॉल लगेच समजला. गंमत म्हणजे यात आपल्या हातात एकटा कप्तान. बाकीचे आपापल्या मर्जीने पळतात; आपण नुसतं ‘पास दे’, ‘मार’ असे हुकूम सोडायचे आणि ते ऐकतील अशी आशा करायची. शाखाधिकारी होण्याची परीक्षा मी का दिली नाही, असं मला लोक विचारतात. मी ती नोकरी त्या मे महिन्यात करून चुकलो होतो.

पण मुद्दा निराळाच आहे. ही कॅसेट जपानबाहेर पाठवताना तिचा विश्वचषक केला गेला. शाळांच्या जागी तेरा देश घातले. आणि तेरांत पुन्हा जपान! मूळ गोष्टीतली शाळकरी पोरं आता अर्जेंटिना, इटली, कॅमेरून यांच्या रांगेत. खऱ्या विश्वचषकात अजूनही जपानचा एक सामना नव्हता. भारत याही यादीत नव्हता. आमच्यातला एक जण म्हणाला, “लका, आपण कॅमेरून घेऊ.” १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला हरवलं होतं, हे त्याने मोठ्या भावाकडून ऐकलं होतं. आपला संघ नसला की माणूस दुसऱ्याच्या गावच्या पैलवानावर पैज लावतो, तसे आम्ही चार वर्षं कॅमेरूनचे नागरिक होतो.

आणि आता तारखा जुळवून पाहिल्या की मला जरा चमत्कारिक वाटतं. ज्या मे महिन्यात आम्ही पडद्यामागे ‘सॉकर’ कुटत होतो, त्याच महिन्यात, १५ मे १९९३ ला, जपानची व्यावसायिक साखळी स्पर्धा, जे-लीग, सुरू झाली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दोह्यात इराकविरुद्ध २-१ अशी आघाडी असताना जादा मिनिटांत गोल खाऊन त्यांचा विश्वचषक हुकला. ते रडले, आणि पुन्हा अर्ज केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये इराणला ३-२ ने हरवून १९९८ च्या फ्रान्सच्या स्पर्धेत गेले. तिथे तिन्ही सामने हरले. पुन्हा अर्ज. २००२ साली कोरियाबरोबर यजमान झाले आणि बाद फेरी गाठली. २०२२ मध्ये जर्मनीला आणि स्पेनला, म्हणजे मामांच्या कॅसेटमधल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना, एकाच स्पर्धेत २-१, २-१ असं हरवलं. १९९८ नंतर एकही विश्वचषक त्यांनी चुकवलेला नाही. २०२६ साठीही यजमान देश सोडले तर सगळ्यांत आधी पात्र ठरले ते हेच.

कॅसेटमुळे हे घडलं असं मी म्हणत नाही. असं म्हणायला मी काही प्राध्यापक नाही. साखळी स्पर्धा उभी करावी लागते, मैदानं लागतात, प्रशिक्षक लागतात, पैसा लागतो. मी फक्त नोंदींचा माणूस. मला एवढंच दिसतं की रक्कम जमा व्हायच्या आधी खातं उघडलेलं होतं. शून्य शिलकीचं का असेना, पण नाव घातलेलं होतं. आमचं उलटं. शिल्लक होती, मंजुरी होती, नाव घालायचं राहिलं.

आपल्याकडे काहीच हललं नाही असंही नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून का होईना, पंगतीत पान मिळालं, आणि ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅकसन सिंगने आपला पहिला गोल केला. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून पोरांना फुटबॉल खेळायला उतरवण्याचा सरकारी कार्यक्रम झाला. सरकारी कार्यक्रमानंतर चेंडूंचं पुढे काय होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण माझ्या मुलाने त्या दिवशी खऱ्या चेंडूला लाथ मारली. मला त्याच्या वयात जे भाग्य लाभलं त्यात चेंडूला नुसतं बटण होतं.

जपानच्या फुटबॉल संघटनेने २००५ साली एक जाहीर प्रतिज्ञा केली आहे. २०५० पर्यंत विश्वचषक आपल्या देशात भरवायचा आणि तो जिंकायचा. लोक हसले असतील. मी हसलो नाही. पंचेचाळीस वर्षांची मुदत ठेव ठेवणारं गिऱ्हाईक काउंटरवर आलं तर मी उठून उभा राहीन. शिवाय ते साल पाहा. २०५०. आपण ब्राझीलचं कर्ज परत केलं त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होतील.

माझ्या काउंटरवर रोज अर्ज येतात. काहींत सही चुकलेली असते, काहींना फोटो नसतो, निम्मे नामंजूर होतात. नामंजूर झालेला माणूस शिव्या देतो, जातो आणि पुढच्या सोमवारी नवा अर्ज घेऊन येतो. अशांना आम्ही मनातून कंटाळतो. पण त्यांच्यापैकीच कुणाची तरी विहीर अखेर लागलेली असते. मला काळजी वाटते ती दुसऱ्याची. सगळे कागद बरोबर असून फॉर्म घडी घालून खिशात ठेवणाऱ्याची. त्याला कर्ज नाकारायची संधीसुद्धा बँकेला मिळत नाही.